सरकारी ताट, लेकाचं कीटो आणि अकराची पेज

ताई, नमस्कार. डिचोलीहून लिहिते आहे. आमच्या ह्यांचं वय ५७, बाजारात हार्डवेअरचं दुकान. चार वर्षांपासून साखर आहे, हल्लीच एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, ८.६ आली. गोळ्या दोन, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. आहाराचा छापील कागद मिळालाय. सकाळी दोन चपात्या, मधे केळं किंवा दुसरं फळ, दुपारी दोन चपात्या नि वाटीभर भात, चहाबरोबर मारी बिस्किटं, रात्री पुन्हा दोन चपात्या. मुलगा बंगळुरूला असतो. तो म्हणतो, आई, हा कागद फाडून टाक, बाबांचा भात-पाव कायमचा बंद कर, अंडी, मासे, तूप दे, यालाच कीटो म्हणतात, सरकारच्या सल्ल्यानेच सगळ्यांना डायबिटीस झालाय. त्याचं ऐकून आषाढात ह्यांनी चार दिवस भात सोडला. चौथ्या दिवशी दुकानात बाराच्या सुमाराला दरदरून घाम आला, हात थरथरायला लागले. शेजारच्या दुकानदाराने लिंबू सोडा पाजला तेव्हा बरं वाटलं. तेव्हापासून हे म्हणतात, सरकारी पुस्तकातच लिहिलंय धान्य खा म्हणून, ते शास्त्रज्ञ काय वेडे आहेत? आणि अकराची पेज दुप्पट झाली! सासूबाई अर्थातच त्यांच्या बाजूने. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि कॉलेजात जाणारी मुलगी. महिन्याला ३५ किलो तांदूळ लागतो, पाव वेगळे. सध्या श्रावण म्हणून शिवराक, म्हणजे मासळी-मटणाविना जेवण, एरवीही सोमवार-गुरुवार मासळी नसते. खरं कोणाचं मानू, सरकारचं की लेकाचं? आणि चवथ तोंडावर आलीय, नेवऱ्यांचं, म्हणजे आमच्या करंज्यांचं, काय करू?

वहिनी,

आधी त्या घामाचं बोलू, बाकीचं मागून. तुमच्या ह्यांना जे झालं ते भात सोडल्याने झालं नाही. भात सोडला आणि गोळी तशीच चालू ठेवली, त्याने झालं. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात भात गेलाय की नाही हे ती विचारत बसत नाही. तिचा डोस बसवला तो रोजच्या भात-पावाच्या हिशेबाने. भात गेला, गोळी राहिली, साखर घसरली. म्हणून ताटातला एक घास कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा. सरळ सांगा, आम्ही भात-पाव निम्म्यावर आणतोय, ही गोळी किती ठेवायची? मेटफॉर्मिनचं एवढं भय नसतं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी हे न विचारता काहीच करू नये. ज्यांच्या चिठ्ठीवर डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या साखरेच्या गोळ्या आहेत त्यांनीही भात एकदम तोडू नये. त्यांच्या रक्तात आम्ल साचू शकतं आणि यंत्रावर साखर मात्र ठीकठाक दिसते, म्हणून लवकर कळतच नाही.

घाम-थरथर पुन्हा आली तर बोट टोचून बघा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या आणि पंधरा मिनिटांनी परत मोजा. त्या शेजाऱ्याला माझा नमस्कार सांगा. सोडा गोड होता म्हणून निभावलं, त्याने खारा मागवला असता तर?

आता तुमचा ३५ किलो तांदूळ. पत्र वाचता वाचता मी मागच्या कोऱ्या बाजूवर भागाकार करून पाहिला. चार माणसं, तीस दिवस, म्हणजे माणशी दिवसाला २९० ग्रॅमच्या वर. त्यात सासूबाई चिमणीएवढं जेवत असणार, मुलगी कॉलेजात म्हणजे भाताला नाकं मुरडत असणार. उरलेला भात कोणाच्या ताटात जातो हे मी सांगायला नको. शिवाय पाव वेगळे.

ह्यांनी ज्या सरकारी पुस्तकाची ढाल केलीय ते मीही वाचलंय. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली काढलेल्या नव्या मार्गदर्शक सूचना, एकूण १७. त्यात २००० कॅलरींचं एक नमुना ताट दिलंय. दिवसाला सगळं धान्य मिळून २५० ग्रॅम, तेही कच्चं. तांदूळ, गहू, नाचणी, पावातला मैदा, सगळं त्यातच. ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं, ४०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम फळ, ३०० मिलिलिटर दूध, ३५ ग्रॅम शेंगदाणे-बियांसारखं काही आणि २७ ग्रॅम तेल-तूप. धान्यातून मिळणारी ऊर्जा ४५ टक्क्यांवर जाऊ नये असं तेच पुस्तक म्हणतं, आणि आपल्याकडे ती ५० ते ७० टक्के असते अशी तक्रारही तेच करतं. तेव्हा ह्यांना सांगा, सरकारचं ऐकायचं असेल तर खुशाल ऐका, पण मग गोळीचं डॉक्टरांना विचारून झालं की पेज अर्धी आणि भाजी तिप्पट. पुस्तकाचं नाव घेऊन भात वाढून घेणारे मी पुष्कळ पाहिलेत. ४०० ग्रॅम भाजीचा आग्रह धरणारा एकही अजून भेटायचाय.

एवढ्याने सरकार जिंकलं असं समजू नका. पुस्तकाशी माझं भांडण आहे, आणि ते जुनं आहे.

ते ताट निरोगी माणसासाठी आहे, आजार होऊ नये म्हणून. तुमच्या ह्यांना आजार होऊन चार वर्षं झाली. २५० ग्रॅम धान्य म्हणजे सुमारे पावणेदोनशे ग्रॅम कर्बोदकं. डाळी, दूध, फळं यांची वर वेगळी. ज्याचं शरीर कर्बोदकं हाताळायलाच कंटाळलंय त्याच्यापुढे हे ताट ठेवणं म्हणजे लंगडणाऱ्याला मांडवीचा पूल पायी ओलांडायला लावणं. आणि तुम्हाला मिळालेला छापील कागद त्या ताटाच्याही मागचा आहे. मी त्याची बेरीज केली. सहा चपात्या, वाटीभर भात, डाळ, केळं, दूध, दोन वेळची बिस्किटं मिळून २५० ग्रॅम कर्बोदकांच्या आसपास जातं. वर दिवसभराचं जेवण १६०० कॅलरींचं म्हणे! म्हणजे साठ टक्क्यांहून जास्त ऊर्जा पिठा-साखरेतून, आणि तीही साखरेच्या रोग्याला. मारी बिस्किट म्हणजे मैदा, साखर आणि पाम तेल. ते पथ्याच्या कागदावर कुठून येऊन बसलं, देव जाणे.

देव कशाला, मीच जाणते. तसाच कागद मी कितीतरी वर्षं वाटलाय. कोणाकडून तरी आला, झेरॉक्स काढली, झेरॉक्सची झेरॉक्स काढली, शेवटी ‘साय काढलेले दूध’ यातला ‘साय’ पुसून गेला तरी आम्ही वाटतच होतो. एकदा एक पोदेर, म्हणजे पाव भाजणारे, आले होते. वयाची पन्नाशी, पहाटे तीनला भट्टीपुढे उभं राहणारा माणूस, बोटांच्या पेरांत पीठ बसलेलं. मी त्यांची पोई, म्हणजे कोंड्याचा पाव, बंद केली आणि चपाती लिहून दिली. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, “बाय, पोई पण पिठाची, चपाती पण पिठाची. मग तुम्ही बंद काय केलंत?”

मी काहीतरी कोंड्याचं, फायबरचं बोलले. खरं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. (आणि त्यांची पोई खरीच कोंड्याची होती. हल्ली बऱ्याच ठिकाणी मैद्याचा पाव करून वरून कोंडा भुरभुरतात आणि त्याला पोई म्हणतात.) त्या पोदेरांचा प्रश्न पुढे मोठ्या अभ्यासात आला. आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या देशभरच्या पाहणीचा २०२५ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की भारतीयांच्या जेवणातली ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते, आणि नुसता तांदूळ काढून गहू किंवा भरड धान्य आणल्याने मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसत नाही. कर्बोदकांचा एकूण वाटाच कमी करून तिथे डाळी, दूध-दही, अंडी, मासे अशी प्रथिनं आणली तर दिसतो. त्याच पाहणीच्या २०२३ सालच्या आकड्यांत मधुमेहाच्या प्रमाणात सगळ्या राज्यांत पहिला नंबर आपल्या गोव्याचा होता, २६.४ टक्के. चारात एक. तुमच्या वाड्यावर मोजून बघा.

मग एवढी वर्षं धान्य तळाशी का बसवलं? यात कोणाचं कारस्थान नाही, हे लेकाला सांगा. हैदराबादच्या संस्थेचा जन्म १९१८ सालचा, तामिळनाडूतल्या कुन्नूरचा, आणि तो बेरीबेरीच्या तपासासाठी झाला. हा रोग पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळावर जगणाऱ्यांना व्हायचा. आपला उकडा तांदूळ खाणारे त्यातून बरेचसे वाचत, कारण सालीसकट उकडताना कोंड्यातलं बी-१ जीवनसत्त्व दाण्यात उतरतं. तेव्हाची चिंता उपासमारीची होती. पोट भरेल एवढं धान्य, त्यात जीवनसत्त्वं टिकलेली, हा सल्ला त्या काळी शहाणपणाचाच होता. रेशनवर आजही अग्रक्रमाच्या कार्डावर माणशी महिना पाच किलो धान्य मिळतं. बांगडे किंवा अंडी कोणी देत नाही. ज्या घरात स्वस्त फक्त तांदूळ आहे त्या घराला कीटो सांगणारा माणूस मला लाडावलेला वाटतो.

तुपाचं भय मात्र बाहेरून आलं. अमेरिकेने १९८० साली पहिल्या आहारसूचना काढल्या, त्यात चरबी आणि कोलेस्टेरॉल टाळा. १९९२ साली त्यांनी पिरॅमिड काढला, तळाशी दिवसाला ६ ते ११ वाढपं ब्रेड, भात, पास्ता. ती चित्रं आपल्या पाठ्यपुस्तकांत आणि दवाखान्यांच्या भिंतींवर आली. इकडे आम्ही नारळ बंद, तूप बंद, अंड्यातलं पिवळं बंद असं लिहीत सुटलो. चरबी काढली की ताटात जागा रिकामी होते, ती भाताने नि बिस्किटाने भरली. २०११ साली त्यांनी पिरॅमिड काढून ताट आणलं, २०१५ साली कोलेस्टेरॉलची ३०० मिलिग्रॅमची मर्यादाही काढून टाकली. आमच्या झेरॉक्सला हे कोणी कळवलं नाही. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने २०१९ साली लिहून ठेवलंय की साखर आटोक्यात आणायला एकूण कर्बोदकं कमी करण्याच्या बाजूने सर्वांत जास्त पुरावा आहे. म्हणजे लेक म्हणतो त्यातली मूळ गोष्ट आता अधिकृत लोकही म्हणतात, फक्त आवाज हळू ठेवून.

लेक घसरतो तो पुढे. त्याला वाटतं कर्बोदकं गेली की चरबी कितीही चालते, वजनही आपोआप उतरतं. स्टॅनफर्डने २०१८ साली ६०९ जणांवर वर्षभराचा प्रयोग प्रसिद्ध केला, निम्मे कमी चरबीवर, निम्मे कमी कर्बोदकांवर. वर्षाच्या शेवटी वजनात म्हणावा असा फरक नव्हता. दोन्ही गटांना साखर, मैदा आणि पाकिटातलं खाणं सोडायला सांगितलं होतं, हे त्यात माझ्या मते सर्वांत मोलाचं. शिवाय कॉफीत तूप ओतून पिणाऱ्या काहींचं वाईट कोलेस्टेरॉल भलतंच चढतं. खोबरेल तेलानेही ते चढतं, हे गोवेकरणीने लिहिताना जीभ अडखळते. हुमणातला नारळ ठेवा. पण तीन महिन्यांनी एचबीए१सीबरोबर लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणीही करा आणि मग ठरवा. ह्यांचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या तपासणीतला आकडा) वाढलेलं असेल तर प्रथिनं वाढवण्याआधीही डॉक्टरांना विचारा.

आता स्वयंपाकघर. भात कायमचा बंद करू नका. गोव्यात भात कायमचा बंद केलेला माणूस तीन आठवड्यांनी शेजारच्या घरी जेवताना सापडतो. मोजून वाढा. मीठ-मसाल्याचा छोटा वजनकाटा असेल तर एकदाच शिजलेला भात तोलून बघा. १५० ग्रॅमची वाटी म्हणजे चाळीसेक ग्रॅम कर्बोदकं. मी माझ्या घरी पहिल्यांदा तोलला तेव्हा ‘जरासाच’ वाढलेला भात ३८० ग्रॅम निघाला. नवरा काट्याकडे बघून म्हणाला, काटा खराब आहे.

ह्यांना दुपारी अर्धी वाटी उकड्या तांदळाचा भात द्या, रात्री भात नको. वाढण्याचा क्रम बदला, तेही उपयोगी पडतं. आधी भाजी आणि डाळ किंवा मासळी, भात शेवटी. चपाती आणि भात एकाच ताटात नको, दोन्हींतलं एक. पेज सोडवायला जाऊ नका, सासूबाईंशी युद्ध होईल. पेजेचा वाडगा काढून चहाचा कप आणा, शितं थोडी आणि निवळ जास्त, आणि बाजूला लोणच्याऐवजी वाटीभर आळसांद्याचं, म्हणजे चवळीचं, किंवा मुगाचं सुकं. पेज इतकी शिजलेली असते की तिची साखर व्हायला वेळ लागत नाही, ह्यांना ती हलकी वाटते तीही त्यामुळेच.

सकाळी पावाऐवजी मुगाचे पोळे किंवा उसळ आणि ताक. श्रावण संपला की दोन अंडी, पिवळ्यासकट. चारच्या चहाला मारी बिस्किटाऐवजी मूठभर शेंगदाणे किंवा सात-आठ काजू. आपल्याकडे काजू असताना बिस्किट खाणं मला तरी पाप वाटतं. श्रावणात भाज्यांची चैन असते. तायकिळा, अळू, तांबडी भाजी, सात शिरांची भेंडी, आणि पैसे असतील तर अळंबी. फक्त खतखतं हे ‘भाजीच’ असं समजून दोन वाट्या वाढू नका. त्यात सुरण, रताळं, मक्याचं कणीस असतं, त्या दिवशी भात आणखी कमी. तायकिळ्यात आठळ्या घातल्या असतील तर त्याही मोजा. शिवराकाच्या दिवशी तोणाक (कडधान्याची आमटी), दही, पनीर. मासळी सुरू झाली की तारले, बांगडे, स्वस्तातले आणि चांगले. जून-जुलैत समुद्र बंद असताना सुक्या मासळीची किसमूर चालते, पण रक्तदाब असेल तर खारं धुऊन घ्या.

दारूचं तुम्ही लिहिलं नाही, पण हार्डवेअरचं दुकान म्हणजे संध्याकाळी मित्र येत असतील. फेणीत कर्बोदकं नसतात हे खरं. मी सांगितलं असं मात्र सांगू नका. ग्लिमेपिराइडवर रिकाम्या पोटी फेणी घेतली तर रात्री साखर घसरते, आणि उराकात, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूत, गोड सोडा ओतला की ती आधी चढते.

सरकार की लेक, याचा निकाल ह्यांच्या बोटावर लावा. ग्लुकोमीटरच्या एका डब्यात पट्ट्या भरपूर असतात, आठच वापरा. गोळीचं डॉक्टरांशी बोलून झालं की एक दिवस नेहमीसारखं जेवण, जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा मोजायचं. दुसऱ्या दिवशी तीच भाजी, तीच आमटी, भात अर्धी वाटी. पुन्हा दोनदा. तिसऱ्या दिवशी नेहमीची पेज, चौथ्या दिवशी कपातली. आकडे ह्यांनी स्वतःच्या हाताने लिहायचे, दुकानाच्या वहीत उधारी लिहितात तसे. बायको-मुलाचं न ऐकणारे दुकानदार उधारीच्या आकड्याचं ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

राहिल्या नेवऱ्या. चवथीला घरात नेवऱ्या होणार आणि ते दारामागे उभे राहून खाणार, त्यापेक्षा समोर बसून दोन खाऊ देत. मैद्याचं आवरण, आत गूळ-खोबरं, म्हणजे कर्बोदकं भरपूरच, तेव्हा त्या जेवणात भात नाही आणि पातोळीही त्याच दिवशी नाही. पातोळी पंचमीला, एक. गणपतीवर टांगलेल्या माटोळीची केळी उतरवली की ती मुलीला आणि शेजारी. उरलेल्या नेवऱ्या डब्यात घालून बंगळुरूला पाठवा, कीटोवाल्याला.

वहीचं पान आलं की मला कळवा. गोळीचं डॉक्टरांनी काय सांगितलं तेही लिहा.